कार्ड गेलं म्हणण्याआधी

जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्सची ११वी आवृत्ती चढवली आणि वायफाय गेले. सांगलीचा दुकानदार म्हणाला, "चाचा, कार्ड गेलं, नवं टाका." साताऱ्याला घरी येऊन आधी ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा दिली. यादीत कार्ड दिसले. ‘आरएफकिल’ने सांगितले, वायफायचे बटण सुरू आहे. ‘डीमेसेज’च्या नोंदीत मात्र दोष सापडला : फर्मवेअर नाही. लॅपटॉप सुरू होताना कार्डात भरली जाणारी ही फाइल. तिच्यावाचून कार्ड मुके. तिचा मूळ मजकूर कंपन्या सहसा खुला करीत नाहीत, म्हणून डेबियन ती वेगळी ठेवत असे. २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून ती सोबत येते. मोबाइल यूएसबीने जोडून इंटरनेट घेतले, फाइल बसवली, लॅपटॉप पुन्हा सुरू केला. वायफाय आले, नव्या कार्डाचे पैसे वाचले. तुम्हीही आधी या तीन आज्ञा देऊन पाहा.