मुका खांब

साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब. एवढे चार शब्द कळले की क्रोशाचं निम्मं काम झालं. इंग्रजी पुस्तकांवरून शिकणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. अमेरिकन बाई ज्याला ‘सिंगल क्रोशे’ म्हणते, त्याच टाक्याला ब्रिटिश बाई ‘डबल क्रोशे’ म्हणते. नमुना कुठल्या देशाचा हे न बघता विणायला बसलं, की रुमालाची उंची भलतीच होते. मुका खांब तसा फसवत नाही. (नाव ऐकून मुली हसतात. हसू द्यावं, नाव लक्षात राहतं.)

पुण्यात तुळशीबागेच्या गल्ल्यांत क्रोशाची सुई मिळते. सुई म्हणायची, पण टोचायला टोक नाही, पुढे आकडा. ‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच छोटा आकडा. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. 40 नंबरचा दोरा 10 नंबरपेक्षा नाजूक.

आता टाका. सरकगाठ मारा, दहा साखळ्या घाला, परतण्यासाठी एक जास्तीची. सुईजवळची पहिली साखळी सोडून दुसरीत सुई घाला, दोरा घेऊन बाहेर ओढा. सुईवर दोन फेरे दिसतील. पुन्हा दोरा घ्या आणि दोन्हींतून एकदम काढा. झाला मुका खांब. खांबाला आधी सुईवर एक वेढा जास्त घ्यायचा आणि दोन-दोन करून सोडवायचं, म्हणून तो उंच होतो आणि मध्ये जाळी दिसते. मुक्या खांबाची वीण घट्ट, कापडासारखी. टोपडं, पिशवी, बाहुली त्याची. तोरण आणि ताटावरचा रुमाल खांबाचा.

ही कला इथली नव्हे. 1840 च्या दशकात बटाट्याचं पीक बुडून आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या मठांत मुलींना क्रोशाची लेस शिकवून पोटापाण्याला लावलं गेलं. आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूरला मिशनऱ्यांच्या हातून ही लेस रुजली. पुण्यात बायकांच्या हातकामाला घराबाहेरची जागा मिळाली ती रमाबाई रानड्यांच्या सेवासदनासारख्या संस्थांत. 1909 साली सुरू झालेल्या या संस्थेत लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणकामही शिकवत. क्रोशाचा प्रवास मात्र बराचसा शेजारणी-शेजारणींतच झाला. रुखवतात मांडलेलं तोरण, दुधाच्या भांड्यावरचं मणी लावलेलं जाळीचं झाकण, पुढे टीव्हीचं झाकणही. त्या झाकणांची थट्टा खूप झाली. मण्यांच्या वजनाने झाकण वाऱ्याने उडत नसे आणि दूध झाकलेलं राही, हे थट्टा करणारे विसरतात.

गोल विणताना गणित येतं. मुक्या खांबांचं वर्तुळ सपाट हवं असेल तर दर फेरीला सहा टाके वाढवायचे. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर कडेला झालर पडते. पडलेली झालर आपण उसवतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या डायना टायमिना यांनी 1997 मध्ये मुद्दाम टाके वाढवत नेले आणि वक्र भूमितीतला, कागदावर नीट दाखवता न येणारा पृष्ठभाग विणून दाखवला.

उसवणं हीसुद्धा या कामातली सोय. दोन सुयांच्या विणकामात सुईवर ओळभर टाके जिवंत असतात, एक निसटला की खाली ओघळत जातो. क्रोशात जिवंत फेरा एकच. तो सुईतून काढा, दोरा ओढा, हवं तिथे थांबा.

शिकायचं असेल तर पांढरा बारीक दोरा घेऊ नका, काळा तर नकोच. टाके दिसत नाहीत. फिकट रंगाची जाड लोकर आणि 4 मिलिमीटरची सुई घ्या. प्रत्येक ओळ संपली की टाके मोजा. दहाचे नऊ भरले, तर शेवटचा टाका कडेला राहिलाय.