दहा बाय दहाच्या खोलीतली टाळेबंदी

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि 'घरातच राहा' हा निरोप टीव्हीपासून मोबाइलपर्यंत सगळीकडून ऐकू येऊ लागला. परदेशातून परतलेल्यांच्या डाव्या हातावर गृह विलगीकरणाचे शिक्के मारायला महाराष्ट्राने त्याआधीच सुरुवात केली होती. घरात एक जादा खोली आणि वेगळे शौचालय असेल, असे या सगळ्या सूचनांत धरूनच चाललेले होते. पण २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईतली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहतात. त्यांनी वेगळी खोली आणायची कुठून?

धारावीत पहिला रुग्ण सापडला १ एप्रिलला, आणि त्याच दिवशी तो दगावला. पालिकेच्या हिशेबाने इथे अडीच चौरस किलोमीटरमध्ये साडेआठ लाख माणसे राहतात. पुष्कळ घरे दहा बाय दहाची. एका भिंतीला ओटा, कोपऱ्यात पडद्याआड मोरी, तिच्याशेजारी पाण्याची पिंपे, वर पत्र्याखाली माळा, आणि एवढ्यात आठ-आठ, दहा-दहा माणसे.

एरवी असे घर चालते, कारण त्यातली निम्मी माणसे बाहेर असतात. रात्रपाळी करून मुलगा सकाळी परततो, तोवर बाप कामाला निघालेला असतो. पोरे शाळेत, म्हातारी शेजारणीच्या दारात. भांडी घासणे, धुणे वाळत घालणे, अभ्यास, गप्पा यांतले कितीतरी गल्लीतच होते. उन्हाळ्यात पुरुषमाणसे अंथरूणही बाहेरच टाकतात. टाळेबंदीने ही गल्लीच बंद केली. बांबू बांधून रस्ते अडवले गेले आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात सगळे घर एकाच वेळी घरात आले. पत्रा तापला की माळ्यावर थांबवत नाही; म्हणून दुपारी सगळे खाली, एका पंख्याखाली.

यात सर्वाधिक भार पडला बायकांवर. माणसे दिवसभर घरात म्हणजे चूल दिवसभर पेटलेली. धुणी-भांडी करणाऱ्या कित्येकींना सोसायट्यांनी फाटकाच्या आत येऊ दिले नाही, म्हणजे कमाई थांबली आणि काम वाढले. केंद्राने माणशी दरमहा पाच किलो धान्य फुकट दिले, राज्याने शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आणली. हा आधार मोठा होता. पण रेशनकार्ड गावाकडे असलेल्यांचे हाल झाले. घरगुती हिंसाचाराच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाने एप्रिलमध्ये व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू केला, तोही या कोंडीमुळेच. मारणारा चार फुटांवर बसलेला असताना बाईने फोनवर बोलायचे तरी कसे?

मुलांचे हाल वेगळे. दहावीचा भूगोलाचा पेपर तर झालाच नाही. जूनपासून शाळा मोबाइलवर आली, आणि घरात मोबाइल एक, शिकणारी भावंडे तीन. सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' मालिका अशा घरांना खरी उपयोगी पडली, कारण ती पाहायला इंटरनेट लागत नव्हते.

मुख्य अडचण मात्र शौचालयाची. धारावीतले सुमारे ऐंशी टक्के लोक साडेचारशेच्या आसपास सार्वजनिक शौचालयांवर अवलंबून होते. घरात कितीही काटेकोर राहिले, तरी पहाटे डबा घेऊन रांगेत उभे राहणे चुकत नव्हते. तिथे एकच कडी, एकच नळ शेकडो हातांखालून जात होता.

पालिकेच्या जी-उत्तर विभागाने हे लवकर ओळखले. घरात वेगळे ठेवता येत नाही म्हटल्यावर संशयितांना शाळा आणि राजीव गांधी क्रीडा संकुलात हलवले. शौचालयांची वारंवार फवारणी केली, घरोघर तपासणी केली, खासगी डॉक्टरांना सोबत घेतले. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचे उदाहरण जगापुढे ठेवले. हे श्रेय पालिकेचे आहेच. पण लेकराला घरी ठेवून आठवडे-आठवडे शाळेच्या वर्गात झोपलेल्या आईबापांचेही तितकेच आहे.

त्याच महिन्यात मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण झाले. झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांमध्ये संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या, तर इतर वस्त्यांत १६ टक्के. सामायिक शौचालये हे त्यामागचे एक कारण असावे, असे पालिकेनेही म्हटले.

आता धारावीचा पुनर्विकास होतो आहे. २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्या पात्र कुटुंबांना तिथेच ३५० चौरस फुटांचे, स्वतःचे शौचालय असलेले घर मिळायचे आहे. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची सोय मात्र धारावीबाहेर होणार आहे. त्या तापल्या पत्र्याखाली टाळेबंदीचे दिवस काढले ते यांनीच. पात्र-अपात्रतेच्या याद्या करणाऱ्यांनी त्यांना नवे घर कुठे मिळते, तिथून कामाला जाता येते का आणि त्यात शौचालय आहे का, हे आधी पाहावे.