डॉसवर खिडकी बसवताना

10 नोव्हेंबर 1983 रोजी न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात मायक्रोसॉफ्टने 'विंडोज' या सॉफ्टवेअरची घोषणा केली. ते बाजारात यायला दोन वर्षं लागली आणि लोकांनी ते मनावर घ्यायला आणखी साडेचार. या काळात आयबीएमच्या पर्सनल कॉम्प्युटरवर चित्रमय पडदा आणण्याची धडपड एकट्या मायक्रोसॉफ्टची नव्हती. काही प्रतिस्पर्धी तिच्या आधी पोचले होते, काहींचं सॉफ्टवेअर तिच्यापेक्षा देखणं होतं. आज त्यांची नावंही फारशी कुणाला आठवत नाहीत. ते मागे का पडले, याची गोष्ट विंडोजच्या यशाइतकीच बोलकी आहे.

पडद्याचं गणित

अडचण कुठे होती हे समजायला थोडा हिशोब करावा लागतो. पीसीच्या डॉस या कार्यप्रणालीचा काळा पडदा 80 स्तंभ आणि 25 ओळींचा, म्हणजे 2000 अक्षरांचा. प्रत्येक अक्षराच्या जागेला 2 बाइट: एक अक्षरासाठी, दुसरा त्याच्या रंगरूपासाठी. अख्खा पडदा 4000 बाइटमध्ये मावायचा. प्रोसेसरने फक्त अक्षराचा क्रमांक लिहून ठेवायचा. त्याचा आकार व्हिडिओ कार्डावरच्या चिपमध्ये आधीच साठवलेला असे आणि पुढचं काम ते कार्डच उरकत असे.

चित्रमय पडद्यावर ही सोय नव्हती. तिथे अक्षरसुद्धा ठिपक्या-ठिपक्यांनी प्रोसेसरलाच काढावं लागे. आयबीएमच्या सीजीए कार्डावर 640 बाय 200 ठिपक्यांच्या दोनरंगी पडद्यालाच 16,000 बाइट लागत. खिडकी जरा सरकवली की तिच्याखाली झाकलेलं सगळं पुन्हा रंगवायचं. 1981 सालच्या पीसीतला 8088 प्रोसेसर 4.77 मेगाहर्ट्झवर चालायचा. त्याला हे ओझं झेपत नसे.

ही कल्पना मात्र जुनी होती. डग्लस एंगलबार्ट यांनी 1968च्या डिसेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला हजारभर संगणकतज्ज्ञांसमोर माऊस चालवून दाखवला होता. झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात 1973 साली 'आल्टो' तयार झाला. त्याच्या उभ्या पडद्यावर 606 बाय 808 ठिपके होते आणि पडदा पूर्ण वापरला तर मशीनची जवळपास निम्मी मेमरी त्यातच खर्ची पडे. संशोधकांना हे परवडत होतं. झेरॉक्सने 1981 मध्ये विकायला काढलेल्या 'स्टार'ची किंमत मात्र 16,595 डॉलर होती.

1979च्या डिसेंबरमध्ये स्टीव्ह जॉब्स पार्कमध्ये जाऊन हे सगळं पाहून आले. अ‍ॅपलचा 'लिसा' 1983 मध्ये 9,995 डॉलरला आला आणि आपटला. 24 जानेवारी 1984च्या मॅकिन्टॉशची किंमत 2,495 डॉलर होती. त्याच्या 128 किलोबाइट मेमरीतले जेमतेम 22 किलोबाइट पडद्याला लागत, कारण पडदा छोटा आणि कृष्णधवल होता. चित्र काढण्याचा बिल अ‍ॅटकिन्सन यांनी लिहिलेला वेगवान कोड मशीनच्या रॉममध्येच बसवला होता. मशीनही अ‍ॅपलचं आणि सॉफ्टवेअरही अ‍ॅपलचं, म्हणून एकाला दुसऱ्याच्या मापाने बेतता आलं. पीसीवर काम करणाऱ्यांच्या नशिबी ते नव्हतं. मशीन आयबीएमचं किंवा तिची नक्कल करणाऱ्याचं, व्हिडिओ कार्ड तिसऱ्याचं, प्रिंटर चौथ्याचा, आणि ग्राहकाने पैसे मोजून घेतलेली डॉसची सॉफ्टवेअर वेगळीच.

आधी आलेले आणि आधी गेलेले

पीसीवर पहिली झेप घेतली व्हिजिकॉर्पने. व्हिजिकॅल्क ही पर्सनल कॉम्प्युटरवरची पहिली गाजलेली स्प्रेडशीट हीच कंपनी विकत असे. तिने 1982च्या शेवटी कॉमडेक्स प्रदर्शनात 'व्हिजि ऑन' मांडलं. एकावर एक सरकणाऱ्या खिडक्या, माऊस आणि एकाच वेळी उघडे असलेले अनेक प्रोग्राम पाहून प्रेक्षक थक्क झाले. पाहणाऱ्यांत बिल गेट्सही होते. 1983च्या अखेरीस ते विक्रीला आलं तेव्हा मात्र त्याच्या मागण्या उघड झाल्या. त्याला 512 किलोबाइट मेमरी आणि हार्ड डिस्क हवी होती, आणि बहुतेकांच्या पीसीत तेव्हा दोन्ही नव्हतं. त्याहून मोठी अडचण म्हणजे डॉसचे नेहमीचे प्रोग्राम त्यात चालत नसत. सगळं नव्याने आणि त्यांच्याच पद्धतीने लिहायचं, आणि ते लिहायला पीसीसुद्धा पुरत नसे. युनिक्सचं मोठं मशीन लागे. इकडे लोटस 1-2-3 या स्प्रेडशीटने व्हिजिकॅल्कचं गिऱ्हाईक पळवलं होतं. 1984 मध्ये कंपनीने व्हिजि ऑन कंट्रोल डेटाला विकून टाकलं.

दुसरा स्पर्धक होता डिजिटल रिसर्चचं 'जेम'. ते रचणारे ली लोरेन्झन पूर्वी झेरॉक्समध्ये होते. 1985च्या सुरुवातीला आलेलं जेम हलकं होतं, साध्या पीसीवरही बऱ्यापैकी पळायचं आणि दिसायला थेट मॅकसारखं होतं. हे साम्यच त्याला भोवलं. अ‍ॅपलने खटल्याची धमकी दिली आणि डिजिटल रिसर्चने माघार घेतली. पुढच्या आवृत्तीच्या डेस्कटॉपवर दोनच खिडक्या उरल्या, त्याही जागच्या जागी खिळलेल्या. कचऱ्याची टोपलीही गेली. अटारी एसटी या संगणकावरचं जेम या तडजोडीतून सुटलं. पीसीवर त्याला मान मिळाला तो 1986 मध्ये आलेल्या व्हेंचुरा पब्लिशरमुळे. पुस्तकाची पानं लावण्याचं हे सॉफ्टवेअर जेमवर चालायचं.

आयबीएमचं टॉपव्ह्यू आणि क्वार्टरडेकचं डेस्कव्ह्यू अक्षरांच्या पडद्यावरच खिडक्या पाडत. पीसीबाहेर, कमोडोर 64 सारख्या घरगुती मशीनवर 1986 मध्ये आलेल्या 'जीओएस'ने 64 किलोबाइटमध्ये आयकॉन आणि मेनू बसवून दाखवले. कमोडोरचाच 1985चा अमिगा रंग, आवाज आणि एकाच वेळी अनेक कामं या तिन्हींत पीसीच्या कितीतरी पुढे होता.

टिकून राहिलेलं विंडोज

20 नोव्हेंबर 1985 रोजी 99 डॉलरला आलेलं विंडोज 1.0 यांतल्या कुणाहीपुढे फिकं होतं. त्याच्या खिडक्या एकमेकींवर सरकत नसत. फरशांसारख्या शेजारी-शेजारी बसत. कासवगतीबद्दल परीक्षकांनी त्याला झोडपलं. दोन गोष्टी मात्र त्यात पक्क्या होत्या. डॉसचे जुने प्रोग्राम त्यातून उघडता येत, आणि कार्ड-प्रिंटरशी बोलण्याचं काम प्रत्येक प्रोग्रामऐवजी विंडोज स्वतःच्या अंगावर घेई.

1987 मध्ये दुसऱ्या आवृत्तीत खिडक्या एकमेकींवर आल्या. 1988च्या मार्चमध्ये अ‍ॅपलने मायक्रोसॉफ्टवर दावा ठोकला. पण 1985 मध्येच अ‍ॅपलने मायक्रोसॉफ्टला काही दृश्य घटक वापरायचा परवाना लिहून दिला होता. वादातल्या 189 घटकांपैकी 179 त्या परवान्यात बसतात, असं न्यायालयाने ठरवलं आणि 1994 मध्ये अपिलातही अ‍ॅपल हरलं.

त्याआधीच, 22 मे 1990 रोजी विंडोज 3.0 आलं होतं. मरे सार्जंट आणि डेव्हिड वाइझ यांनी विंडोजला 286 आणि 386 प्रोसेसरच्या 'प्रोटेक्टेड मोड'मध्ये चालवून डॉसची 640 किलोबाइट मेमरीची कुंपणभिंत ओलांडली होती. 386 असलेल्यांना डॉसचे अनेक प्रोग्राम एकाच वेळी चालवता येत. मेमरी आणि व्हीजीए पडदे तोवर स्वस्त झाले होते. मॅकची चिन्हं रेखाटणाऱ्या सुझन केअर यांनीच विंडोज 3.0साठीही आयकॉन आणि सॉलिटेअरचे पत्ते काढले. ते पत्ते ओढता-ओढता लाखोंचा हात माऊसवर बसला.

देवनागरीची वाट

अक्षरांच्या पडद्यावर ठरावीक 256 आकार आणि प्रत्येकाला सारख्याच मापाचा चौकोन. वेलांटी, उकार, रफार आणि जोडाक्षरं यांना तिथे जागा नव्हती. यावर आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढवलेल्या 'जिस्ट' तंत्राने हार्डवेअरमधून वाट काढली. पीसीत एक जादा कार्ड बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे.

चित्रमय पडद्याला अक्षर आणि चित्र यांत फरकच नसतो. एप्रिल 1992च्या विंडोज 3.1मध्ये ट्रूटाइप हे फाँटचं तंत्र आलं आणि पडद्यावर दिसणारं अक्षर त्याच वळणाचं प्रिंटरवरही उमटू लागलं. मराठी डीटीपीला, म्हणजे संगणकावर पानं लावण्याच्या कामाला, यातून मोठं बळ मिळालं. पण फाँट बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे आपापल्या मर्जीने बसवले होते. एका फाँटमधला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की निव्वळ गिचमिड. विंडोज 2000मध्ये युनिकोडची देवनागरी आली तेव्हा ही अडचण तंत्राच्या पातळीवर सुटली. तिच्यासोबतचा 'मंगल' हा फाँट मुंबईचे सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवला होता.

व्हिजि ऑनने जुनं काम मागे टाकायला सांगितलं आणि ते बुडालं. विंडोजने ते सोबत घेतलं आणि ते तरलं. मराठी प्रकाशकांनी हाच धडा आपल्या कपाटांना लावायला हवा. नव्वदच्या दशकातल्या दिवाळी अंकांच्या आणि पुस्तकांच्या फायली जुन्या फाँटच्या मांडणीत सीडी आणि फ्लॉपींवर पडून असतील, तर ते फाँट आणि त्यांचे परिवर्तक मिळताहेत तोवर त्या युनिकोडमध्ये आणा. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास घसरतात, म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून एकदा मुद्रितशोधनही करून घ्या.