जास्वंदीवरचा तो हमिंगबर्ड नव्हे

"आमच्या जास्वंदीवर हमिंगबर्ड येतो," असं सांगत कुणी मोबाइल पुढे केला की मी आधी पाय बघतो. पक्षी फांदीला धरून बसलेला असतो. बाकदार चोच, उन्हात जांभळी झळाळी. शिंजीर! भारतात रानटी हमिंगबर्ड नाहीत. पुण्यात नाहीत, आंबोलीच्या जंगलातही नाहीत. साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि आज त्या सगळ्या फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आणि आसपासच्या बेटांवर राहतात.

"पण तो हवेत थांबला होता ना!" हा पुढचा मुद्दा ठरलेला. शिंजीरही क्षणभर थांबतो, मग लगेच बसतो. हमिंगबर्ड फुलासमोर तरंगतच मध पितो, कारण त्याचा पंख खांद्यातून असा वळतो की वर जातानाही त्याला उचल मिळते. डग्लस वॉरिक आणि सहकाऱ्यांनी 2005 साली 'नेचर'मध्ये मोजून दाखवलं: वजन पेलण्याचा सुमारे पाव भार वर जाणारा पंख उचलतो. नातंही वेगळं आहे. शिंजीर चिमणीच्या गणातला, हमिंगबर्ड पाकोळीच्या जवळचा. फुलातल्या मधासाठी दोघांच्या चोची स्वतंत्रपणे लांबल्या. आणि फोटोत मिशांसारख्या शृंगिका दिसल्या, तर तो पक्षी नाहीच. हॉकमॉथ पतंग आहे.

शिंजिराला शिंजीर म्हणण्यात कमीपणा कसला? लाल पाठीचा चिमुकला शिंजीर फक्त पश्चिम घाटात सापडतो. कोस्टा रिकातल्या पक्षीवेड्याला तो बघायला इथेच यावं लागतं.

हमिंगबर्डला पाय नसतात? असतात, चालता मात्र धड येत नाही. फक्त मधावर जगतो? किडे आणि कोळीही खातो. जीभ म्हणजे बारीक नळी? 2011 च्या संशोधनात दिसलं की जिभेची दुभंगलेली टोकं मधात उलगडतात आणि बाहेर येताना तो पकडून आणतात.

आता कोस्टा रिकाला निघालेल्यांसाठी. वर्षावनातला प्रत्येक हमिंगबर्ड रत्नासारखा चमकत नाही. ला सेल्वाच्या रानातला लाँग-बिल्ड हर्मिट मातकट रंगाचा, जेमतेम सहा ग्रॅमचा असतो. एका फुलापाशी ठाण मांडण्याऐवजी तो हेलिकोनियाच्या विखुरलेल्या फुलांची फेरी मारतो, म्हणून शोधायला निघालात तर हुकतोच. त्यापेक्षा दाट झुडपांत नर जिथे जमतात ती जागा वाटाड्याला विचारा. तिथे प्रत्येक नर बुटक्या फांदीवर बसून एकच सूर पुन्हा पुन्हा काढत राहतो. सूर कुठून येतोय ते आधी ऐका; मग त्या दिशेला, गुडघ्याच्या उंचीपासून वर, हलणारी पांढऱ्या टोकाची लांब शेपटी शोधा.