कृष्णविवरातून प्रकाश बाहेर पडू शकतो काय?

१९६४ साली अमेरिकेत उडविलेल्या एका अग्निबाणावरील उपकरणांना हंस तारकासमूहाच्या दिशेने येणारे तीव्र क्ष-किरण आढळले. पृथ्वीचे वातावरण क्ष-किरण शोषून घेते, म्हणून जमिनीवरील वेधशाळांना त्यांचा पत्ता लागला नव्हता. ‘सिग्नस एक्स-१’ या नावाने ओळखला जाणारा हा स्रोत कृष्णविवर आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. परंतु येथेच जिज्ञासू वाचकाला शंका येईल. ज्यातून प्रकाशही सुटू शकत नाही त्यालाच जर कृष्णविवर म्हणावयाचे, तर ते इतके प्रखर कसे?

या कल्पनेचे मूळ बरेच जुने आहे. पृथ्वीच्या आकर्षणातून कायमचे सुटावयाचे तर वस्तूला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग द्यावा लागतो. सूर्याच्या पृष्ठभागावरून सुटण्यास सुमारे ६१८ किलोमीटर वेग लागेल. १७८३ मध्ये जॉन मिशेल या इंग्रज धर्मोपदेशकाने असे गणित मांडले की, सूर्याइतकीच घनता पण सुमारे ५०० पट व्यास असलेल्या ताऱ्यावरून प्रकाशही निसटू शकणार नाही. फ्रान्समध्ये लाप्लास यांनी १७९६ मध्ये स्वतंत्रपणे तोच विचार मांडला.

मिशेल यांचा तारा आणि आजचे कृष्णविवर या मात्र एकच गोष्टी नव्हेत. हा भेद अनेकदा दुर्लक्षिला जातो. मिशेल यांच्या ताऱ्यावरून निघालेला प्रकाश वर फेकलेल्या चेंडूप्रमाणे काही अंतर जाऊन मागे फिरला असता. म्हणजे जवळच्या निरीक्षकाला तो तारा दिसला असता. इंजिन सतत चालू ठेवणारे एखादे यान तेथून सावकाश बाहेरही आले असते. आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धांतात ही सवलत उरत नाही. येथे प्रकाश दमून परत फिरत नाही. अवकाश आणि काल हेच इतके वक्र होतात की, एका विशिष्ट सीमेच्या आत भविष्याकडे जाणारा प्रत्येक मार्ग केंद्राकडेच वळतो. तेथून बाहेर येणे म्हणजे आजच्या दिवसातून कालच्या दिवसात परतण्यासारखे होय. या सीमेला घटना-क्षितिज म्हणतात. सूर्याचे सारे द्रव्य दाबून कृष्णविवर करावयाचे झाल्यास त्याच्या क्षितिजाची त्रिज्या जेमतेम ३ किलोमीटर भरेल. पृथ्वीची तर ९ मिलिमीटर! क्षितिजाच्या किंचित बाहेरून निघालेला प्रकाश मात्र सुटू शकतो. त्याची ऊर्जा वाटेत घटते, तरंगलांबी वाढते, पण तो आपल्यापर्यंत पोहोचतो.

सिग्नस एक्स-१ चे कोडे येथेच उलगडते. सुमारे २१ सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे हे कृष्णविवर आणि एक निळा महातारा ५.६ दिवसांत परस्परांभोवती एक फेरी पूर्ण करतात. ताऱ्यावरून ओढला गेलेला वायू सरळ आत न पडता भोवऱ्यासारखा फिरत तबकडी बनवितो, घर्षणाने लक्षावधी अंशांपर्यंत तापतो आणि क्ष-किरण फेकतो. हे सारे क्षितिजाबाहेर घडते. हायड्रोजनच्या ज्वलनात, म्हणजे सूर्यातील अणुप्रक्रियेत, वस्तुमानाच्या ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. न फिरणाऱ्या कृष्णविवरात द्रव्य पडताना हे प्रमाण सुमारे ६ टक्के असते आणि वेगाने फिरणाऱ्याच्या बाबतीत त्याहून कितीतरी अधिक. अंधाराच्या काठावर एवढा उजेड असण्याचे कारण हेच. २८ सप्टेंबर २०१५ रोजी सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहानेही या स्रोताचे वेध घेतले. त्यावरील उपकरणे घडविण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा मोठा वाटा होता.

आतून काहीच येत नाही, असे म्हणून विषय संपला असता. पण १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी त्यात नवी भर घातली. पुंजयामिकीचे नियम क्षितिजालगतच्या निर्वात अवकाशाला लावले असता कृष्णविवराने अत्यंत क्षीण प्रारण सोडले पाहिजे, असे त्यांनी दाखविले. त्याची किंमत कृष्णविवराच्या वस्तुमानातून वजा होते, म्हणून ते हळूहळू झिजेल. मात्र सूर्याएवढ्या कृष्णविवराचे तापमान एका अंशाच्या सुमारे दीड कोटीव्या भागाइतकेच निरपेक्ष शून्याहून वर असेल. विश्वात सर्वत्र भरलेले पार्श्वभूमी प्रारण २.७ अंशांचे आहे. अर्थात असे कृष्णविवर आज गमावते त्याहून अधिक मिळविते. केवळ पन्नास कोटी टनांच्या आसपासची, प्रोटॉनएवढी, आदिम कृष्णविवरे असतील तर ती आज स्फोट पावून संपत असतील. तसा स्फोट अद्याप आढळलेला नाही. हॉकिंग प्रारणही कोणा कृष्णविवरापासून प्रत्यक्ष मोजले गेलेले नाही.

तरीही हा प्रश्न निव्वळ कागदी नाही. कृष्णविवर झिजून नाहीसे झाले, तर त्यात पडलेल्या वस्तूंविषयीची माहिती कोठे जाते? ती नष्ट होते म्हणावे तर पुंजयामिकीचा पाया ढासळतो. ती बाहेर येते म्हणावे तर क्षितिजाचा अर्थ बदलतो. यावर पन्नास वर्षे वाद चालू आहे.

हॉकिंग यांचे १९७१ चे एक प्रमेय मात्र वेधांनी तपासता आले आहे. पुंज परिणाम बाजूला ठेवल्यास क्षितिजाचे एकूण क्षेत्रफळ कधीही घटत नाही, असे ते सांगते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी नोंदलेल्या गुरुत्वीय लहरी दोन कृष्णविवरांच्या मीलनाच्या होत्या; त्या लहरीही क्षितिजाबाहेरच उमटलेल्या. २०२१ मध्ये त्यांचे पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा मीलनानंतरचे क्षेत्रफळ प्रमेयाला धरूनच असल्याचे आढळले. अशाच लहरी टिपणाऱ्या भारतातील लायगो वेधशाळेला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली असून तिची जागा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ आहे.