मेलमधला क्यूआर कोड गायब? आधी ब्राउजरचं एक्स्टेन्शन तपासा

सकाळचे साडेनऊ. हिंजवडी फेज २ मधल्या एका कंपनीच्या गेटवर माझी मैत्रीण इंटरव्ह्यूसाठी उभी होती. सिक्युरिटीवाले काका म्हणाले, "मेलमधला क्यूआर कोड दाखवा." आदल्या रात्री तिने लॅपटॉपवरून त्या मेलची प्रिंट काढली होती. मजकूर सगळा होता, कोडच नव्हता. कॉलेजच्या वेबमेलचा पासवर्ड आठवून फोनवर तोच मेल उघडला, तर कोड हजर!

झालं काय होतं? मेलमधले बरेचसे फोटो मेलसोबत येतच नाहीत. मेलमध्ये फक्त त्यांचा पत्ता असतो. तुम्ही मेल उघडला की ब्राउजर त्या पत्त्यावरून फोटो मागवतो आणि पाठवणाऱ्याला कळतं, की मेल उघडला गेलाय. जाहिरातवाले तर यासाठी एका पिक्सेलचा, डोळ्यांना न दिसणारा फोटो टाकतात. म्हणून राऊंडक्यूबसारखे वेबमेल बाहेरचे फोटो आधी अडवतात, पण वर पट्टी दाखवून तशी परवानगीही मागतात.

मैत्रिणीने ती परवानगी दिली होती. तरीही कोड आला नाही, कारण दुसरं कुलूप ब्राउजरमध्ये होतं. तिथलं प्रायव्हसी एक्स्टेन्शन फोटोत काय आहे ते बघत नाही, तो कुठून येतोय ते बघतं. घाऊक मेल पाठवणाऱ्या सेवेचा पत्ता ट्रॅकरच्या यादीत असेल, तर पिक्सेलही अडतो आणि त्याच पत्त्यावरचा क्यूआर कोडही. यूब्लॉक ओरिजिन तर अडवलेल्या फोटोची रिकामी चौकटही लपवतं. मग काहीतरी राहिलंय, हे कळणार कसं?

जीमेलवर हा घोळ सहसा होत नाही. २०१३ पासून जीमेल असे फोटो गूगलच्याच सर्व्हरमार्फत दाखवतं, त्यामुळे एक्स्टेन्शनला मूळ पत्ता दिसत नाही. अडचण येते ती कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या वेबमेलवर.

शंका आली तर तोच मेल इन्कॉग्निटो विंडोमध्ये उघडा. क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स तिथे आपोआप बंद असतात (तुम्ही मुद्दाम चालू केली नसतील तर). फोटो तिथे दिसला, तर अडवणारं एक्स्टेन्शनच, असं जवळपास नक्की समजा. त्याच्या आयकॉनवर क्लिक केलं की काय अडवलंय ते कळतं. प्रायव्हसी बॅजरमध्ये प्रत्येक पत्त्यापुढे सरकपट्टी असते: लाल म्हणजे पूर्ण बंद, पिवळी म्हणजे फक्त कुकीज बंद, हिरवी म्हणजे मोकळं. हवा तो एकच पत्ता मोकळा करा.

वैतागून अख्खं एक्स्टेन्शन काढून टाकू नका. ते एरवी तुमच्याच बाजूने काम करत असतं. आणि मोकळा केलेला पत्ता काम झालं की परत लाल करा, नाहीतर त्या सेवेचे पिक्सेलही बिनबोभाट आत येतील.

प्रवेशपास, तिकीट असं काही असेल, तर प्रिंट काढल्यावर एकदा नीट बघा. जमल्यास पाठवणाऱ्याकडे पीडीएफ मागा. अटॅचमेंट मेलसोबतच येते, त्यामुळे ती बाहेरून मागवावी लागत नाही. दुसऱ्या राउंडच्या वेळी मैत्रिणीने एचआरकडून तीच मागवली.