ऋतुसंधिकाळातील पक्षिनिरीक्षण : कर्नाळ्याच्या वनाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

पानगळीमुळे शिशिराच्या अखेरीस वन निष्प्राण होते, असा सर्वसाधारण समज आहे. पक्षिनिरीक्षणाच्या दृष्टीने वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. माघ-फाल्गुनाच्या संधिकाळात परतीच्या तयारीतील हिवाळी पाहुणे आणि विणीच्या तयारीतील स्थानिक पक्षी एकाच वनात, अनेकदा एकाच वृक्षावर आढळतात. रायगड जिल्ह्यात पनवेलनजीक १९६८ साली स्थापन झालेल्या कर्नाळा पक्षी अभयारण्याच्या आधारे या स्थित्यंतराचे स्वरूप प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

स्थित्यंतराची कारणे

डिसेंबरच्या २२ तारखेनंतर दिनमान वाढू लागते. प्रकाशाचा हा वाढता कालावधी पक्ष्यांच्या मेंदूकडून टिपला जातो आणि शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण बदलते. त्याचे परिणाम दोन प्रकारचे असतात. स्थलांतरित पक्षी अधिक खाऊ लागतात, प्रवासाला इंधन म्हणून शरीरात चरबी साठवतात आणि त्यांच्यात एक प्रकारची अस्वस्थता दिसू लागते. स्थानिक पक्ष्यांपैकी अनेकांची जननेंद्रिये या काळात पुन्हा कार्यक्षम होतात. नर गाऊ लागतात आणि आपापल्या हद्दी राखू लागतात. थोडक्यात, एकाच कारणामुळे काही पक्षी वन सोडतात, तर काही तेथेच घर मांडतात.

पाहुणे आणि यजमान

हिवाळ्यात सह्याद्रीच्या वनांत येणारे राखी कोतवाल आणि निळ्या डोक्याचे कस्तुर हिमालयाच्या परिसरात वीण करतात. पूर्व युरोप व पश्चिम आशियातून येणारा लाल छातीचा माशीमार शेपटी उडवण्याच्या सवयीवरून ओळखता येतो. मार्च-एप्रिलपर्यंत हे पाहुणे क्रमाक्रमाने निघून जातात. त्यांचे जाणे सहसा लक्षात येत नाही. एखाद्या सकाळी नेहमीच्या फांदीवर पक्षी नसतो, एवढेच.

याउलट यजमानांचे आगमन कानांना कळते. हिवाळ्यात बहुधा मूक असणारा नर कोकीळ कूजन करू लागतो. तांबटाची टुक्‌टुक् आणि कुटुर्ग्याची लांबलचक साद दुपारीही थांबत नाही. हे दोन्ही पक्षी वाळलेल्या, कुजलेल्या फांद्यांत चोचीने ढोली कोरतात. म्हणूनच जळणासाठी तोडली जाणारी 'निरुपयोगी' वाळकी फांदी ही त्यांच्या दृष्टीने घराची जागा असते.

पर्णहीन वृक्षांचे महत्त्व

पांगारा, काटेसावर व पळस हे वृक्ष पाने गळाल्यानंतर फुलतात. त्यांची तांबडी, मधुरसाने भरलेली फुले दुरूनही दिसतात. शिंजीर, साळुंकी, कोतवाल व हळद्या तेथे गर्दी करतात आणि मधुरसाच्या मोबदल्यात कपाळाला लागलेले पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचवतात. पर्णसंभार विरळ असल्यामुळे निरीक्षकालाही पक्षी पूर्ण दिसतो. चैत्रात पालवी दाट होऊ लागली की ही सोय उरत नाही.

निरीक्षणाची पद्धत

सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास सर्वांत उपयुक्त असतात. वनभर फिरण्यापेक्षा एखाद्या फुललेल्या वृक्षापासून योग्य अंतरावर स्थिर बसणे अधिक फलदायी ठरते. डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास आजच्या रायगड जिल्ह्यातीलच किहीम येथे सुगरण पक्ष्यांचे जे मूलगामी निरीक्षण केले, तेही घरट्यांजवळ चिकाटीने बसून. नोंदवहीत दिनांक, वेळ, स्थळ, संख्या व वर्तन यांची नोंद असावी. 'आज पक्षी दिसला नाही' ही नोंदही तितकीच मोलाची असते; कारण पाहुण्याच्या प्रस्थानाची तारीख तिच्यावरूनच ठरते.

कर्नाळ्याच्या बाबतीत आणखी एक घटक विचारात घ्यावा लागतो. मुंबई-गोवा महामार्ग या अभयारण्यातून जातो. नेदरलँड्समधील लायडन शहरात झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोंगाटाच्या ठिकाणचे रामगंगा कुळातील पक्षी अधिक उंच स्वरात गात असल्याचे आढळले. कर्नाळ्यात महामार्गालगतचे आणि आतल्या पायवाटेवरचे पक्षी स्वतंत्रपणे नोंदवल्यास येथील परिस्थितीविषयीही काही निश्चित सांगता येईल.

समारोप

संधिकाळ हा वणव्यांचाही काळ असतो. 'वाळलेले रान' पेटले तर जमिनीवरच अंडी घालणाऱ्या रातव्यासारख्या पक्ष्यांची वीण नष्ट होते. वन सुकलेले दिसते म्हणून ते रिकामे असते, हा गैरसमज अशा हानीच्या मुळाशी आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी जवळच्या एकाच वनात दरवर्षी त्याच आठवड्यांत नोंदी ठेवल्या, तर हवामान बदलत असताना पाहुण्यांच्या जाण्याची व कोकिळाच्या पहिल्या सादेची तारीख सरकते आहे का, हे पडताळता येईल. त्यासाठी लागणारी सामग्री मोजकीच आहे : दुर्बीण, वही आणि सातत्य. यांपैकी पहिल्या दोन वस्तू महाविद्यालय पुरवू शकते. तिसरी मात्र ज्याची त्यानेच आणावी लागते.